यारोस्लाव्ह हाशेक आणि श्वेकची रूपांतरे

एखादी विनोदी कादंबरी लोकप्रिय झाली की तिचा नायक लेखकाच्या हातून सुटतो आणि रंगभूमीवर व पडद्यावर स्वतंत्रपणे वावरू लागतो. चेक लेखक यारोस्लाव्ह हाशेक (१८८३–१९२३) याच्या श्वेक या शिपायाच्या बाबतीत हे कादंबरी लिहून होण्यापूर्वीच घडले. श्वेक खरोखर मूर्ख आहे, की मूर्खपणाचे सोंग घेऊन साम्राज्याला चकवतो आहे, या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत कोठेही मिळत नाही. नाटककाराला आणि दिग्दर्शकाला मात्र ते शोधल्यावाचून गत्यंतर नसते. कारण नटाला चेहरा लागतो आणि कथानकाला शेवट लागतो. हाशेकने हे उत्तर का टाळले असावे, हे त्याच्या चरित्रावरून बरेचसे समजते.

हाशेकचा जन्म प्राग येथे ३० एप्रिल १८८३ रोजी झाला. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील माध्यमिक शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. १८९६ मध्ये ते वारले आणि कुटुंबाची परवड सुरू झाली. औषधी द्रव्यांच्या दुकानातील उमेदवारी, व्यापारविषयक शिक्षण आणि त्यानंतर स्लाव्हिया बँकेतील नोकरी असा मार्ग हाशेकने धरला. परंतु न सांगता भटकंतीला निघून जाण्याच्या सवयीमुळे १९०३ मध्ये ही नोकरी सुटली. पुढे तो अराज्यवाद्यांच्या वर्तुळात वावरला, आणि १९०७ मध्ये पोलिसावर हल्ला करण्यास चिथावणी दिल्याबद्दल महिनाभर तुरुंगात राहिला.

याच सुमारास नियतकालिकांसाठी विनोदी मजकूर लिहून तो पोट भरू लागला. प्राणिजीवनाला वाहिलेल्या एका मासिकाचे संपादन त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने अस्तित्वात नसलेल्या प्राण्यांची शास्त्रीय थाटाची वर्णने छापली आणि ती जागा गमावली. मग त्याने कुत्र्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा केला. १९११ च्या निवडणुकीत मित्रांसह त्याने कायद्याच्या चौकटीत राहून माफक प्रगती साधू पाहणारा एक पक्ष स्थापन केला आणि तो स्वतः उमेदवार म्हणून उभा राहिला. ही सारी थट्टा शब्दांपुरती नव्हती. संस्थेत शिरायचे, तिची भाषा तंतोतंत उचलायची आणि त्या भाषेतूनच तिचे पोकळपण उघडे पाडायचे, ही हाशेकची रीत होती. श्वेकची रीतही हीच आहे.

श्वेक प्रथम अवतरला तो याच वर्षी, काही लघुकथांमधून. या कथांचा संग्रह १९१२ मध्ये निघाला. बादशहाची सेवा करण्यासाठी उतावीळ झालेला आणि त्या उत्साहानेच लष्कराला जेरीस आणणारा असा हा शिपाई आहे. त्याचा भोळेपणा जवळजवळ निर्भेळ आहे.

१९१५ मध्ये हाशेक स्वतः ९१ व्या पायदळ पलटणीत भरती झाला. तेथील अधिकाऱ्यांपैकी लेफ्टनंट लुकास याच्यासारखी काही माणसे पुढे थोड्याफार फरकाने कादंबरीत आली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तो रशियनांच्या हाती लागला. युद्धकैद्यांच्या छावणीतून तो ऑस्ट्रियाविरुद्ध लढणाऱ्या चेकोस्लोव्हाक सैन्यदलात, म्हणजे लीजनमध्ये, सामील झाला. १९१७ मध्ये कीव्ह येथे त्याची श्वेकवरील दुसरी कृती प्रसिद्ध झाली. येथे श्वेकच्या कथेला उघड राजकीय रोख आला आहे. ती ऑस्ट्रियाविरोधी लढ्याच्या कामी जुंपलेली आहे. श्वेकला एका निश्चित हेतूसाठी राबविणारा पहिला रूपांतरकार अशा रीतीने खुद्द हाशेकच ठरतो.

१९१८ मध्ये त्याने लीजन सोडून बोल्शेविकांचा पक्ष धरला. लीजनने त्याच्या अटकेचे फर्मान काढले. लाल सेनेच्या पाचव्या तुकडीच्या राजकीय विभागात काम करीत तो बुगुल्मा, उफा असा इर्कुत्स्कपर्यंत गेला. प्रागच्या गुत्त्यांतून आयुष्य घालविलेला हा माणूस या काळात मद्यापासून दूर राहिला आणि शिस्तीने कार्यालये व वृत्तपत्रे चालवू लागला. सत्तेची टिंगल करणारा हाशेक येथे सत्तेचा कारभारी झाला होता.

डिसेंबर १९२० मध्ये तो प्रागला परतला तेव्हा चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला होता. अनेकांच्या लेखी तो लीजनशी द्रोह करणारा होता. पहिली पत्नी यार्मिला हिच्याशी घटस्फोट झालेला नसताना त्याने रशियात दुसरा विवाह केला होता. अशा अवस्थेत, हाती पैसा नसताना, १९२१ मध्ये त्याने श्वेकची मोठी कादंबरी लिहायला घेतली. प्रस्थापित प्रकाशकाची वाट न पाहता मित्राच्या मदतीने तिच्या स्वस्त पुस्तिका काढण्यास त्याने आरंभ केला. त्याच वर्षी तो लिप्नित्से या गावी राहावयास गेला. शरीर स्थूल व रोगग्रस्त झाल्यावर शेवटचा भाग त्याने लेखनिकाला सांगून लिहविला. ३ जानेवारी १९२३ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी तो मरण पावला. तीन भाग पूर्ण झाले होते. चौथा अर्ध्यावरच तुटला. श्वेक प्रत्यक्ष लढाईपर्यंत पोहोचतच नाही.

कीव्हमधील श्वेकचा हेतू वाचकाला कळतो. १९२१ च्या श्वेकचा कळत नाही. साम्राज्य, लीजन आणि क्रांती या तिन्हींचा गणवेश उतरविलेल्या लेखकाने आता नायकाच्या मनाचे दार बंद करून घेतले आहे. आपल्याला श्वेकचे केवळ बोलणे ऐकू येते, आणि ते सारे गोष्टींनी भरलेले असते. वरिष्ठाने काहीही विचारले तरी तो ओळखीच्या कोणा खाटकाची वा शिंप्याची हकिकत सांगू लागतो. मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांच्या दृष्टांतपाठाची रचना आठवेल. तेथे सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असा क्रम असतो. श्वेककडे दृष्टांतांचा अखंड पुरवठा आहे. दार्ष्टांतिक मात्र नाही. गोष्टीचा अर्थ लावण्याचे काम वरिष्ठावर पडते, आणि तेथेच अधिकाराची भंबेरी उडते.

ही रचना रंगभूमीला आणि पडद्याला अवघड जाते. हाशेक हयात असतानाच, नोव्हेंबर १९२१ मध्ये, एमिल आर्तुर लाँगेन याने प्रागमध्ये श्वेक रंगभूमीवर आणला. त्यात श्वेक झालेला कारेल नोल हाच कारेल लामाच याच्या १९२६ मधील मूकपटाचाही नायक होता. कादंबरीत श्वेकचे रूपवर्णन फारसे नाही. त्याला सर्वपरिचित गोल, प्रसन्न चेहरा मिळाला तो मुख्यतः योसेफ लादा याच्या चित्रांतून, आणि त्यांतील बहुतेक चित्रे हाशेकच्या मृत्यूनंतरची आहेत.

१९२६ मध्ये ग्रेटे राइनर हिचा जर्मन अनुवाद आल्यावर कादंबरीचा युरोपभर प्रसार झाला. माक्स ब्रोट व हान्स राइमान यांनी तिचे रूढ वळणाचे प्रहसन केले. एर्विन पिस्काटोरला ते पसंत पडले नाही. जानेवारी १९२८ मध्ये बर्लिनला त्याने केलेल्या प्रयोगाच्या संहितेवर काम करणाऱ्यांत बर्टोल्ट ब्रेख्टही होता. रंगमंचावर सरकते पट्टे बसविले होते. माक्स पालेनबेर्गचा श्वेक त्यांवरून चालत राही आणि मागे गेओर्ग ग्रोसची रेखाचित्रे उमटत. माणूस चालतो पण पोहोचत नाही, हे कादंबरीचे मर्म या यंत्रयोजनेने नेमके पकडले. परंतु शेवटाचा प्रश्न उरलाच. युद्धात अपंग झालेल्यांची ईश्वरासमोरील मिरवणूक योजून पाहिली गेली आणि मग वगळली गेली. ग्रोसवर पुढे काही चित्रांसाठी धर्मनिंदेचा खटला झाला.

ब्रेख्ट १९४३ मध्ये अमेरिकेतील अज्ञातवासात श्वेककडे पुन्हा वळला. या नाटकात श्वेक हिटलरच्या राजवटीत वावरतो, आणि अखेरीस स्टालिनग्राडच्या वाटेवरील बर्फात वाट चुकलेल्या हिटलरशी त्याची गाठ पडते. १९५७ मध्ये हे नाटक वॉर्सा येथे प्रथम रंगले. ब्रेख्टचा श्वेक जाणता आहे. त्याच्या हसण्यामागे प्रतिकार आहे. हाशेकने कीव्हमध्ये चोखाळून सोडून दिलेल्या वाटेकडेच ब्रेख्ट परतला, असे म्हणता येईल.

चेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्रन्का याने पन्नाशीच्या दशकात लादाच्या चित्रांच्या आधारे बाहुल्यांचा चित्रपट केला. त्याच दशकात कारेल स्तेक्लीच्या दोन चित्रपटांत रुडोल्फ ह्रुशिन्स्की याने श्वेक साकारला. त्याचा निर्विकार, सौम्य चेहरा पाहताना मूळ प्रश्न काही काळ तरी अनिर्णित राहतो. म्हणूनच ही भूमिका मूळ कृतीच्या अधिक जवळची वाटते. १९६० च्या पश्चिम जर्मन चित्रपटात हायन्झ र्‍यूमानचा श्वेक अधिक लोभस आणि निरुपद्रवी झाला.

ही रूपांतरे मूळ कृतीशी प्रामाणिक आहेत की नाहीत, एवढाच विचार पुरेसा नाही. प्रत्येकाने आपापल्या काळाला हवे असलेले उत्तर दिले आणि ते देताना श्वेकच्या आडवाटेच्या हकिकती गाळल्या. हाशेकच्या चरित्राचेही तेच झाले. साम्यवादी राजवटीने त्याच्यातील लाल सेनेचा कार्यकर्ता पुढे केला. लीजनच्या अभिमान्यांनी त्याचा द्रोह लक्षात ठेवला. इतरांना गुत्त्यातला विदूषकच प्रिय होता. या तिघांपैकी कोणता हाशेक खरा, हे त्याने स्वतः लिहून ठेवले नाही. भारतीय भाषांत श्वेकचे रूपांतर करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी त्या गाळलेल्या हकिकती वाचाव्यात. त्या काढून टाकल्या की कथानक सुटसुटीत होते. श्वेक मात्र वरिष्ठांना सहज उमगू लागतो, आणि मग त्यांना त्याचे भय उरत नाही.