न दिसणाऱ्या लहरींचा शोधकर्ता : हाइनरिख हर्ट्झ

हाइनरिख हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतील हँबुर्ग शहरात झाला. त्यांचे वडील वकील होते. लहानपणी हर्ट्झ यांना पुस्तकांइतकीच हातकामाचीही आवड होती. सुतारकाम व कातकाम शिकून ते स्वतःची उपकरणे स्वतः बनवीत. हे कौशल्य त्यांना पुढे संशोधनात फार उपयोगी पडले. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून ते भौतिकशास्त्राकडे वळले आणि १८८० मध्ये बर्लिन येथे हेल्महोल्ट्झ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

वेगाने दिशा बदलणारी विद्युतधारा मोजणे हा त्या काळी कठीण प्रश्न होता. धारा पुढे-मागे होऊ लागली की साध्या मापकाचा काटा तिच्याबरोबर हलू शकत नाही. मात्र धारा कोणत्याही दिशेने वाहिली तरी तार तापतेच. या तत्त्वावर, तापून लांबणाऱ्या बारीक तारेचे एक मापनयंत्र हर्ट्झ यांनी १८८३ मध्ये मांडले. पुढील काळात प्रक्षेपण केंद्रांतील अँटेनाची धारा मोजण्यासाठी उष्णतेवर चालणारे अमीटर दीर्घकाळ वापरले गेले.

१८८५ मध्ये हर्ट्झ कार्ल्सरूहे येथे प्राध्यापक झाले. विद्युतचुंबकीय लहरी असतात व त्या प्रकाशाच्या वेगाने प्रवास करतात, असे मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवले होते. परंतु प्रत्यक्ष पुरावा कोणाजवळ नव्हता. १८८६ ते १८८८ या काळात हर्ट्झ यांनी तो मिळवला. एका उपकरणात त्यांनी ठिणग्या पाडल्या. काही अंतरावर तारेचे एक कडे ठेवले. त्याच्या दोन टोकांत अगदी सूक्ष्म फट होती. या कड्याला कोणतीही तार जोडलेली नव्हती. तरी त्या फटीत बारीक ठिणगी उमटली. ती इतकी मंद असे, की अंधाऱ्या खोलीत नजर स्थिर करून ती पाहावी लागे.

भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून हर्ट्झ यांनी लहरी परावर्तित केल्या. कडे निरनिराळ्या ठिकाणी नेले, तेव्हा काही ठिकाणी ठिणगी मोठी, तर काही ठिकाणी नाहीशी झाली. या स्थानांमधील अंतरावरून त्यांनी तरंगलांबी काढली. पुढे १८८९ मध्ये त्यांनी दाखवले, की अतिशय वेगाने बदलणारी धारा तारेच्या गाभ्यात शिरत नाही, ती पृष्ठभागावरूनच वाहते.

हे ज्ञान आजच्या तंत्रज्ञाला जिवाच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. केबलच्या धातूच्या जाळीवर आतील बाजूने एक आणि बाहेरील बाजूने दुसरी धारा वाहू शकते. अँटेनावर जेथे धारा कमी, तेथे विद्युतदाब जास्त असू शकतो. म्हणून मापकावरील कमी आकडा पाहून तेथे हात लावणे धोक्याचे आहे. अशा धारेचा झटका न जाणवताही त्वचा व आतील ऊती भाजू शकतात. यासाठी प्रक्षेपक बंद करून केबलभोवती फेराइटचे कडे बसवतात, दूर होतात व मगच अल्प शक्तीवर प्रक्षेपक चालू करतात. कड्यावरील वेटोळ्यात उत्पन्न होणाऱ्या धारेवरून केबलमधील धारा कळते. तार तोडावी लागत नाही आणि तिला स्पर्शही करावा लागत नाही. हर्ट्झ यांच्या न जोडलेल्या कड्याशी या उपकरणाचे नाते सहज ओळखू येते.

१८८९ मध्ये हर्ट्झ बॉन येथे गेले. १८९२ पासून त्यांना आजाराने ग्रासले. शस्त्रक्रिया झाल्या, वेदना वाढत गेल्या. तरी त्यांनी अध्यापन व लेखन सोडले नाही. १ जानेवारी १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व दोन लहान मुली होत्या. आपल्या शोधातून उभे राहिलेले बिनतारी संदेशवहन त्यांना पाहता आले नाही.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात याच लहरींचे प्रयोग जाहीरपणे दाखवले. १९२७ मध्ये पुण्याजवळील खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले. आज भिलाईतील खुर्सीपारसारख्या कामगार वस्तीतही मोबाइल फोन याच प्रकारच्या लहरींवर बोलतो. सेकंदातील आवर्तनांची संख्या मोजण्याच्या एककाला हर्ट्झ हे नाव देऊन जगाने त्यांचे ऋण मान्य केले आहे. डोळ्यांना न दिसणारी गोष्टही धीराने, काटेकोरपणे आणि सुरक्षित अंतर राखून मोजता येते, हा त्यांच्या कार्याचा वारसा आहे.