मुरबाडचे नाना : जगन्नाथ शंकरशेट

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई येथे इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचे स्वातंत्र्य कागदावर लिहून दिले. त्या घटनेला सहा आठवडे पुरते झाले नव्हते, तोच १० फेब्रुवारी १८०३ रोजी त्याच उत्तर कोकणात, मुरबाड येथे, जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म झाला. पुढे सारी मुंबई त्यांना नाना शंकरशेट या नावाने ओळखू लागली.

मुरबाड त्या काळी अगदीच आडबाजूचे गाव नव्हते. कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण आमच्या विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिलेला आहे. व्यापाराची वाट जेथून जाते तेथे सराफी आणि सावकारीही वस्तीला येते. नानांचे घराणे सुवर्णकारांचे, दैवज्ञ म्हणवून घेणारे. नानांच्या जन्मापूर्वीच या घराण्याने मुंबईत व्यापारात जम बसवला होता. त्यांचे वडील शंकरशेट हे मुंबईतील मोठ्या धनिकांत गणले जात.

आमच्या वसतिगृहात मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील खेड्यापाड्यांची मुले राहतात. मुंबईतील नाना चौकाचे नाव त्यांनी ऐकलेले असते; तो नाना आपल्या तालुक्याचा होता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. या स्मरणिकेत त्यांचे चरित्र लिहावे असे आम्हांस वाटले, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण असे की, मुंबई इलाख्यातील आधुनिक शिक्षणाचा पाया ज्या थोड्या हातांनी घातला त्यांत नानांचा हात होता, आणि त्या शिक्षणाच्या दाराशी आमच्या पूर्वजांना दीर्घकाळ ताटकळत उभे राहावे लागले. या दोन्ही गोष्टी एकाच कथेच्या आहेत आणि त्या एकत्रच सांगितल्या पाहिजेत.

नानांच्या जन्मापूर्वी चोवीस वर्षे, म्हणजे १७७९ साली घडलेला एक प्रसंग येथे सांगणे अगत्याचे आहे. सोनार मंडळींनी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून घेण्यास, निरीची धोतरे नेसण्यास आणि भेटीत नमस्कार हा शब्द वापरण्यास सुरुवात केली. पुण्याच्या ब्राह्मणांना ते खपले नाही. पेशव्यांच्या सत्तेचा आधार घेऊन त्यांनी ही चाल मोडून काढली, आणि एवढ्यावरच न थांबता मुंबईतील सोनारांनाही तशीच मनाई करणारा हुकूम इंग्रज कंपनीच्या सरकारकडून काढवून घेतला. पेशव्यांची हद्द जेथे संपत होती, तेथेही जातीची हद्द संपत नव्हती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या आपल्या प्रसिद्ध भाषणात हे उदाहरण मुद्दाम नोंदवले आहे. ज्या समाजाला नमस्कार म्हणण्याचीही मनाई झाली, त्याच समाजात जन्मलेल्या पुरुषापुढे पुढील पन्नास-साठ वर्षांत मुंबईतील मोठमोठे लोक अदबीने उभे राहू लागले. पैशाने हे घडले, हे खरे. परंतु केवळ पैशाने घडले असे म्हणता येत नाही. पैसेवाले त्या शहरात पुष्कळ होते.

१८२२ साली शंकरशेट वारले तेव्हा नानांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. प्रचंड संपत्ती आणि पेढीचा सारा व्याप त्यांच्या अंगावर आला. त्याच वर्षी मुंबईत हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी स्वतंत्रपणे काम करू लागली. मराठी आणि गुजराती मुलांसाठी शाळा काढणे, त्यांच्यासाठी पुस्तके तयार करून छापणे, हे या मंडळीचे काम. नाना आरंभापासून तिच्या कारभारात होते. चार वर्षांपूर्वी पेशवाई बुडालेली. छापील मराठी पुस्तक ही तेव्हा अपूर्वाईची वस्तू होती. व्याकरण, गणित, भूगोल, इतिहास या विषयांवर मुलाच्या हाती द्यावे असे मराठीत काही नव्हते. ते सारे या मंडळीने घडवले. आज आमची मुले पाठ्यपुस्तक सहज उघडतात. त्या पुस्तकाची वंशावळ या मंडळीपर्यंत जाऊन पोहोचते.

१८२७ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी मुंबई सोडली. त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमवला आणि तो उच्च शिक्षणासाठी अध्यापक नेमण्याकडे लावला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, पुढे त्यातून वेगळे झालेले एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन हायस्कूल, ही या निधीची आणि मंडळीच्या शाळेची फळे होत. या सर्व खटपटीत नाना अग्रभागी होते.

१८४० मध्ये सरकारने शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन केले. नाना त्याचे सभासद झाले आणि बोर्ड असेपर्यंत राहिले. येथे त्यांच्या आयुष्यातील, आमच्या मते, सर्वांत मोलाचा झगडा झाला. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे उच्च न्यायालयीन पदावरील विद्वान गृहस्थ. थोड्या निवडक लोकांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, ते ज्ञान हळूहळू खाली झिरपेल, असे त्यांचे मत होते. नानांनी १८४७ मध्ये आपले विरोधी मत लेखी मांडले. युरोपातील ज्ञान येथील लोकांपर्यंत न्यावयाचे असेल तर ते लोकांच्या भाषेतूनच नेले पाहिजे. परक्या भाषेवर प्रभुत्व मिळवण्याइतका वेळ आणि पैसा फार थोड्यांजवळ असतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. बोर्डातील दुसरे हिंदी सभासद फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मकबा त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि मराठी पाठ्यपुस्तकांच्या कामात वर्षे घालवलेले कर्नल जर्व्हिस हे इंग्रज अधिकारीही त्यांच्याच पक्षाचे होते. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत. इंग्रजीवाचून त्यांचे काहीच अडत नव्हते, आणि मराठीवाचूनही व्यक्तिशः अडले नसते. तरीही सत्तेच्या माणसासमोर ते मराठीसाठी उभे राहिले. वाद सरकारपर्यंत गेला. प्राथमिक शिक्षण देशी भाषेतून आणि वरचे इंग्रजीतून, अशी वाट पुढे पडली ती अशा झगड्यांमधूनच.

आता त्या शिक्षणात कोणाची मुले होती, हे पाहू.

एल्फिन्स्टन साहेबांनी १८२४ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात एक भीती व्यक्त केली होती. नीच मानलेल्या जातींत शिक्षण आधी रुजले तर वरच्या जाती त्याकडे पाठ फिरवतील आणि ते पुढे पसरणार नाही, असे त्यांना वाटत होते. शिक्षण वरून खाली, असे धोरण त्यातूनच दृढ झाले. १८५० च्या सुमारास बोर्डाने आपल्या अहवालात वरिष्ठ वर्ग कोणते हे स्पष्टच मोजून दाखवले : जमीनदार व जहागीरदार, व्यापारात धन मिळवलेले, सरकारी वरिष्ठ नोकर, आणि ब्राह्मण व लेखणीवर जगणाऱ्या उच्च जाती. पैसा थोडा आहे, तेव्हा तो यांच्याच शिक्षणावर खर्च व्हावा. या बोर्डावर नाना बसत होते. भाषेच्या प्रश्नावर जसा त्यांचा विरोध नावाने ओळखला जातो, तसा या प्रश्नावर ओळखला जात नाही. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही हे लिहिल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारण्यात आला. मुलाने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने नकारच कायम केला. तेव्हा बोर्ड संपून स्वतंत्र शिक्षणखाते आले होते, त्यामुळे या निर्णयाचा दोष नानांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पण ते धोरण एका रात्रीत जन्मले नव्हते. विलायतेतील संचालकांनी पुढे सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे जाहीर केले, तरी गावोगावच्या ओसरीवर आणि देवळातल्या शाळेत त्या जाहीरनाम्याला कोण विचारीत होते? २९ मे १९२८ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात त्यांनी हा सारा इतिहास, एल्फिन्स्टनचे टिपण, बोर्डाचे अहवाल आणि धारवाडचे प्रकरण, ओळीने मांडून दाखवला आहे. आमच्या वरच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने ते निवेदन वाचावे.

स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत नानांचे पाऊल निःसंशय पुढचे होते. एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये आपली सभा स्थापली आणि दादाभाई नौरोजी प्रभृतींनी मुलींच्या शाळा काढल्या. अशा शाळांना जागा देण्यासही लोक कचरत. नानांनी गिरगावात आपल्याच जागेत मुलींची शाळा भरवू दिली. त्याच काळात पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली होती, आणि पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. जोतीरावांना घर सोडावे लागले. नानांचा वाडा शाबूत राहिला. त्यावरून नानांचे श्रेय कमी होते असे आम्ही म्हणत नाही. एका धनिकाने आपले वजन मुलींच्या बाजूने टाकले, हे त्या काळी लहान काम नव्हते. परंतु दोन दिव्यांचा उजेड कोठवर पोहोचला, हे मोजावयाचे तर दोन्ही जवळ ठेवूनच मोजावे लागते.

नानांची इतर सार्वजनिक कामे इतकी आहेत की, येथे केवळ नावेच घेता येतील. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते अध्यक्ष. हिंदी लोकांची गाऱ्हाणी थेट पार्लमेंटपुढे नेणारी मुंबईतील ही पहिली राजकीय संस्था होय. ग्रँट मेडिकल कॉलेज, कलाशाळा, विद्यापीठ, राणीचा बाग आणि तेथील संग्रहालय या सर्वांच्या उभारणीत ते होते. १८५७ च्या उठावात त्यांच्यावर सरकारचा संशय आला; पुढे तो निराधार ठरला. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात जे पहिले हिंदी सभासद बसले, त्यांत ते एक होते. सोनापूरची हिंदूंची स्मशानभूमी शिवडीला हलवण्याचा बेत त्यांनी हाणून पाडला. धर्माने ते निष्ठावंत हिंदू होते आणि त्यांनी देवळेही बांधली.

आगगाडीविषयी मात्र आम्हांस थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण ती आमच्या रानातून गेली. १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांनी मुंबईत रेल्वे यावी म्हणून मंडळी स्थापून खटपट सुरू केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिच्या निमंत्रित उतारूंत नाना होते. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला आले. १८५५ मध्ये वासिंद, १८६० मध्ये आसनगाव, १८६१ च्या पहिल्या दिवशी कसारा, आणि थळघाट फोडून १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरी. शहापूर तालुका असा टप्प्याटप्प्याने जोडला गेला. माहुलीच्या पायथ्याची माणसे प्रथमच काही तासांत मुंबईस पोहोचू लागली. रेल्वेच्या डब्यात जातवार बाके नव्हती. ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे, तो शेजारी बसला. सोवळ्याने कितीही अंग चोरले तरी गाडी थांबत नव्हती. गावकीची कामे टाकून आमचे आजे-पणजे मुंबईच्या गोदीत आणि गिरण्यांत गेले, ते पुष्कळदा याच मार्गाने. गाडी माणसे नेऊ लागली, आणि १८९२ पासून तानसाचे पाणीही मुंबईला जाऊ लागले. शहापूरने मुंबईला काय दिले आणि मुंबईने शहापूरला काय, याचा ताळेबंद कोणीतरी एकदा मांडावयास हवा. मुरबाडची कथा आणखी वेगळी. ज्या गावात नानांचा जन्म झाला त्या गावात आगगाडीची शिट्टी अद्याप ऐकू आलेली नाही; आमची मुरबाडची मुले आजही कल्याणपर्यंत रस्त्यानेच जातात.

थळघाटातून पहिली गाडी वर चढली त्याच वर्षी, ३१ जुलै १८६५ रोजी, नानांचे मुंबईत निधन झाले. टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा बसवण्यात आला. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. संस्कृतात सर्वोच्च गुण मिळवणाऱ्यास ती मिळे, आणि महाराष्ट्रातील विद्वानांच्या अनेक पिढ्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हा आपल्या विद्यार्थिदशेतील सर्वोच्च मान मानला.

विसाव्या शतकाच्या आरंभी एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये, म्हणजे नानांच्या हयातभराच्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या शाळेत, भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याला संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते त्याला शिकू दिले गेले नाही. त्याला फारसी घ्यावी लागली. ज्या विषयासाठी ती शिष्यवृत्ती होती, त्या विषयाच्या वर्गातच त्याला जागा नव्हती. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, एल्फिन्स्टन कॉलेजात गेला आणि १९१२ मध्ये बी. ए. झाला. संस्कृत ग्रंथांचा अभ्यास बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या कष्टाने केला.