रँग्लर परांजपे आणि शाळेचे दार

या मासिकातून आपण बहुधा विश्वासू जनांची चरित्रे वाचतो. या खेपेस आम्ही ज्या गृहस्थांची ओळख करून देत आहोत, त्यांनी देव मानला नाही. त्यांचे ते मत आम्हांस मान्य नाही. परंतु त्यांचे काम पाहून आपण आपली परीक्षा करावी, असे मात्र वाटते.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी दापोलीजवळच्या मुर्डी गावी झाला. त्यांच्या शिक्षणास नात्यातल्याच धोंडो केशव कर्वे यांचा आधार मिळाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी होत. मोठ्या पगाराची जागा मिळणे त्यांना कठीण नव्हते. पण दिलेला शब्द पाळून ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सेवेत परतले आणि १९०२ पासून सुमारे वीस वर्षे त्यांनी फर्ग्युसनचे प्राचार्यपद सांभाळले.

१९२१ साली ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. त्या वेळच्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण मंत्र्याकडे, तर तिजोरी गव्हर्नरांच्या कौन्सिलराकडे असे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली आणलेले विधेयक सरकारने मंजूर होऊ दिले नव्हते. परांजपे यांच्या कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. त्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या व नगरपालिकांच्या हाती दिल्या आणि सक्तीची वाट मोकळी केली. त्याच वर्षी, अस्पृश्य मानलेल्या मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांना अनुदान देऊ नये, असा ठरावही मुंबई सरकारने काढला. पैशाअभावी सक्ती फारच थोड्या ठिकाणी आली. ठरावाचीही पुष्कळ गावी टाळाटाळ झाली. तरी दार किलकिले झाले.

आम्ही खेरडीकरांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा कायदा आपल्या सीमेपाशीच थांबला. नगर हवेलीवर १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. सीमेपलीकडच्या आणि अलीकडच्या वारली मुलांची भाषा एक, पण राज्य निराळे. कोणत्या लेकराला अक्षर मिळावे हे किती थोड्या अंतराने ठरते!

पुढे परांजपे यांनी १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे व १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले. मधल्या काळात ते ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हाय कमिशनर होते. ६ मे १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते बुद्धिवादीच राहिले.

प्रभूने सांगितलेला दोन मुलांचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. एकाने बापाला नाही म्हटले, पण मळ्यात गेला. दुसऱ्याने होय म्हटले आणि घरीच राहिला. परांजपे यांचा न्याय करणे आपले काम नव्हे. तो करणारा समर्थ आहे. आपण मात्र दर रविवारी होय म्हणतो. आपल्या वस्तीतले एखादे पोर गुरे राखायला किंवा मजुरीला जाऊन शाळेला मुकत असेल, तर त्याच्या घरी कोण जातो? मंडळीने या महिन्यात एवढा शोध घेतला, तर या चरित्राचे वाचन सार्थकी लागेल.