महात्मा फुले आणि शेतांतील पाणी

जोतीराव गोविंदराव फुले हें नांव ऐकलें कीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें १८४८ सालीं पुण्यांत निघालेली मुलींची शाळा येते, व तें योग्यच आहे. परंतु ज्या पुरुषानें मुलींच्या हातीं पाटी दिली त्यानेंच शेतांतील माती राखावी कशी व पावसाचें पाणी अडवावें कसें, याचा खोल विचार केला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत नसते. आपल्या जालना जिल्ह्यांत पाऊस चुकला कीं कित्येक कुटुंबें ऊसतोडीस अगर शहरांत मजुरीस निघून जातात आणि वर्गांतील कांहीं जागा रिकाम्या पडतात, हें पालकांस सांगावयास नको. म्हणून त्या थोर पुरुषाच्या चरित्रांतील हाच भाग आपणांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं माळी कुटुंबांत झाला. ते वर्षाचे होण्यापूर्वींच मातोश्री चिमणाबाई निवर्तल्या. थोडेंसें मराठी शिक्षण झाल्यावर लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनीं त्यांस शाळेंतून काढिलें व मळ्यांत कामास लाविलें. पुढें शेजारचे गफारबेग मुनशी व लिजिटसाहेब यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं हा मुलगा स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत दाखल झाला. तेथील अभ्यास १८४७ सालीं पुरा झाला. मळ्यांतील तीं मधलीं वर्षें चरित्रकार बहुधा एका ओळींत आटोपतात. आम्हांस मात्र तीं फार मोलाचीं वाटतात. कारण हातीं खुरपें धरलें नसतें तर पुढें लेखणी धरून त्यांनीं जें लिहिलें तें त्यांस लिहितां आलें नसतें.

शाळा, विधवांच्या अर्भकांसाठीं काढिलेलें गृह, १८७३ सालचा सत्यशोधक समाज, हीं त्यांचीं कार्यें विद्यार्थ्यांनीं पाठ्यपुस्तकांत वाचिलेलीं आहेत. पण १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुला केला, ही गोष्ट आमच्या विषयाशीं जवळची आहे. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांनीं प्रथम आपल्याच अंगणांत सोडविला.

चरितार्थासाठीं ते सरकारी बांधकामांचे ठेके घेत. खडकवासल्याच्या धरणकामाशीं त्यांचा असा संबंध आला. पुढें त्या कालव्याचें पाणी मांजरीकडे येऊं लागलें तेव्हां त्यांनीं तेथें जमीन घेऊन बागाईत केली. म्हणजे धरण बांधणाऱ्यांची बाजू व पाणी घेणाऱ्याची बाजू, दोन्ही त्यांनीं जवळून पाहिल्या.

१८७५ सालीं पुणें व नगर या जिल्ह्यांत कर्जानें गांजलेले शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, आणि पाठोपाठ १८७६ ते १८७८ या वर्षांचा भयंकर दुष्काळ पडला. जोतीरावांनीं सत्यशोधक मंडळींच्या साहाय्यानें धनकवडी येथें उपाशी मुलांसाठीं बालाश्रम चालविला. मुलांच्या मुखांत घांस घालतां घालतां त्यांच्या मनांत निराळाच प्रश्न घोळत असावा, कीं हा घांस शेतांतून नाहींसा झाला कसा? १८८३ सालीं पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ त्याचें उत्तर होय.

या ग्रंथांत ब्राह्मण कामगार, सावकार व सरकार यांच्यावर जे कडक प्रहार आहेत त्यांचीच चर्चा फार होते. आम्ही शेवटच्या भागाकडे वळतों, जेथें उपाय सांगितले आहेत. डोंगरावरील पालापाचोळा, शेण व जीवजंतूंचें सत्त्व पूर्वीं वळवाच्या पावसानें धुऊन शेतांत येई व जमिनीस खत मिळे. जंगलखात्यानें रानें व गायरानें बंद केल्यापासून गुरें घटलीं व तें खतही घटलें, असें त्यांनीं दाखविलें. यास्तव गायरानें गांवांस परत द्यावींत. लष्करांतील व पोलिसांतील रिकामीं माणसें लावून ठिकठिकाणीं ताली व बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचें पाणी आधीं शिवारांत मुरेल व मगच ओढ्यानदीस मिळेल. तलावांतील व नदीनाल्यांतील गाळ पूर्वींप्रमाणें शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा. पाणाड्यांकडून भूमीखालच्या झऱ्यांचा शोध करवावा. विहिरी खणणारांस मदत द्यावी. आणि कालव्याचें पाणी प्रत्येकाच्या शेतास जरुरीपुरतें व प्रमाणांत मिळावें, अशा त्यांच्या सूचना आहेत.

या सूचनांतील अनुक्रम विद्यार्थ्यांनीं नीट पाहावा. आपल्याकडील पाऊस मोजक्या दिवसांत पडतो, आणि पडतो तेव्हां कित्येकदां तासाभरांत नाल्यास पूर येतो. उतारावरून पाणी धांवतें तेव्हां तें एकटें जात नाहीं. सर्वांत सुपीक अशी वरची माती सोबत घेऊन जातें. उताराला आडवी ताल असली तर पाण्याचा वेग मंदावतो, माती तेथेंच बसते, पाणी मुरमांत उतरतें आणि कांहीं महिन्यांनीं खालच्या विहिरींत दिसूं लागतें. म्हणून माती आणि पाणी हे दोन प्रश्न नसून एकच होय. जोतीरावांस हें भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांवरून कळलें असें नव्हे. मळ्यांत राबणाऱ्यास तें डोळ्यांनीं दिसतें.

ग्रंथाचें पुढें काय झालें? ‘दीनबंधु’ पत्रांत आरंभींचा भाग छापला गेला. पुढील मजकूर जहाल वाटल्यामुळें छपाई थांबली. जोतीरावांनीं गांवोगांवीं सभांतून तो वाचून दाखविला, बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनींही तो ऐकला. परंतु समग्र ग्रंथ मुद्रित होऊन लोकांच्या हातीं पडण्यास पाऊणशेंहून अधिक वर्षें लागलीं. १८८८ सालीं ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सत्कारसमारंभास ते साध्या शेतकऱ्याच्या वेषांत गेले व जरीच्या पोषाखांनीं भरलेल्या त्या सभेंत रयतेची खरी स्थिति त्यांनीं राजपुत्रास सांगितली. त्याच वर्षीं मुंबईच्या लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी दिली आणि त्याच वर्षीं अर्धांगवायूनें त्यांचा उजवा हात गेला. तेव्हां डाव्या हातानें लिहून त्यांनीं शेवटचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांनीं देह ठेविला. अंत्ययात्रेंत टिटवें सावित्रीबाईंनीं धरिलें.

जोतीरावांची विनंती इंग्रज सरकारास होती. जालना त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. तरी त्यांच्या सूचनांची परीक्षा पुढें आपल्याच मातीवर व्हावयाची होती. जालना तालुक्यांतील कडवंची गांवीं, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनानें, १९९० नंतरच्या दशकांत पाणलोटाचें काम सुरू झालें. गांवकऱ्यांनीं डोंगरउतारावर चर खणले, शेतांस बांध घातले, नाले अडविले. पुढें तेथें शेततळीं झालीं व द्राक्षांचे मळे उभे राहिले. २०१२-१३ च्या दुष्काळांत जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर जळाल्या, तेव्हां कडवंचीच्या द्राक्षबागांनीं पुष्कळ अंशीं तग धरिला. धरणांतील व तलावांतील गाळ शेतांत नेण्याची योजनाही महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं काढिली. जोतीरावांनीं ती मागितल्यास १३४ वर्षें होऊन गेलीं होतीं!

त्यांची एक सूचना मात्र अद्यापि मागें राहिली आहे, ती प्रमाणशीर वांटणीची. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायत काढिली. तींत पाण्याचा वांटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर घरांतील माणसांच्या संख्येवर ठरे, भूमिहीनासही हक्क असे, आणि उसास पाणी मिळत नसे. आपल्याकडे अनेक शेततळीं पावसाच्या पाण्यानें न भरतां विहिरींतून व विंधनविहिरींतून उपसा करून भरलीं जातात. ज्याचा पंप मोठा त्याचें तळें भरतें आणि उन्हाळ्यांत शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर आटते. ताली व बांध गांवकऱ्यांनीं मिळून घातले. त्यांतून मुरलेलें पाणी कोणी किती उपसावें, याचा ठराव बहुतेक गांवांत अद्याप झालेला नाहीं.