महाद्वारासमोरील समाधी : श्रीसंत चोखामेळा

श्रीक्षेत्र पंढरपूर येथे श्रीविठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर श्रीसंत चोखामेळा यांची समाधी आहे. समोरच संत नामदेवांची पायरी. चोखोबांना वंदन करावे, नामदेव पायरीवर पाऊल न ठेवता तिच्यापुढे मस्तक टेकावे आणि मगच देवाकडे जावे, असा वारकऱ्यांचा परिपाठ आहे. दर्शनरांगेतून थेट आत जाणाऱ्या भाविकांच्या दृष्टीस ही समाधी पडतेच असे नाही. म्हणून तिची कथा जाणून घेणे अगत्याचे आहे.

चोखोबांच्या जन्मस्थानाविषयी एकमत नाही. विदर्भातील मेहुणा राजा हे त्यांचे जन्मगाव मानतात, तर काही जण मंगळवेढ्याचे नाव घेतात. त्यांच्या संसाराचे गाव मात्र मंगळवेढेच. महार ज्ञातीत जन्म झाल्याने गावची पडेल ती कामे त्यांच्या वाट्यास आली. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. एकाच कुटुंबात इतके संतकवी क्वचितच आढळतात. नामदेवांना गुरुस्थानी मानून चोखोबा पंढरीची वारी करू लागले. परंतु ज्या विठ्ठलासाठी ते येत, त्याचे मुखदर्शन त्यांना महाद्वाराबाहेरूनच घ्यावे लागे.

या अंतराभोवतीच पंढरीतील आख्यायिका गुंफल्या गेल्या आहेत. एका रात्री प्रत्यक्ष पांडुरंगाने चोखोबांचा हात धरून त्यांना गाभाऱ्यात नेले आणि आपल्या गळ्यातील रत्नहार त्यांच्या गळ्यात घातला, असे सांगतात. सकाळी हार चोखोबांपाशी सापडला. चोरीचा आळ आला. बैलांच्या पायांशी बांधून त्यांना ओढण्याची शिक्षा झाली, पण बैल जागचे हललेच नाहीत. दुसऱ्या कथेत चोखोबांच्या घरी देव जेवावयास बसले असता सोयराबाईंच्या हातून देवाच्या पीतांबरावर दही सांडले. कोणाशी बोलत आहेत हे न कळून एका पुजाऱ्याने चोखोबांच्या थोबाडीत मारली, तेव्हा मंदिरातील मूर्तीचा गाल सुजलेला दिसला. पुढे गावात राहण्यास मज्जाव झाला, तेव्हा ते चंद्रभागेच्या पैलतीरी झोपडी बांधून राहिले आणि तेथे त्यांनी दीपमाळ उभारली. कळसाकडे पाहून नदीपलीकडून दिवा लावणारा हा भक्त! देव त्यांच्याकडे गेल्याच्या कथा पुष्कळ आहेत. लोकांनी त्यांच्यासाठी द्वार उघडल्याची एकही नाही.

शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. त्या कामावर चोखोबा इतर मजुरांसह राबत होते. अचानक कूस कोसळले आणि सर्वजण त्याखाली गाडले गेले. वार्ता कळताच नामदेव मंगळवेढ्यास आले. ढिगारा उपसला, तेव्हा अस्थी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. चोखोबांच्या कोणत्या, हे कसे ओळखावे? नामदेवांनी एकेक अस्थी कानाशी धरली आणि जिच्यातून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला ती वेगळी काढली, अशी परंपरा आहे. त्या अस्थी त्यांनी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधिस्थ केल्या. चोखोबांसमवेत प्राण गमावलेल्या त्या मजुरांची नावे मात्र कोणत्याही कथेत उरलेली नाहीत.

पुढे इ. स. १३५० मध्ये नामदेवांनीही त्याच द्वारी, पायरीशी समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. शिष्य द्वाराबाहेर आणि गुरू पायरीत, अशी ही जागा आहे.

चोखोबांच्या नावे सुमारे ३५० अभंग उपलब्ध आहेत. ते अनंतभट्ट यांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते.

चोखोबांच्या देहावसानानंतर ६०९ वर्षे त्यांच्या ज्ञातिबांधवांना महाद्वार बंदच राहिले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि त्याच वर्षी हे मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले.

चोखोबांची पुण्यतिथी वैशाख वद्य पंचमीस असते. मंगळवेढे पंढरपूरहून सुमारे २५ कि. मी. अंतरावर असून तेथेही चोखोबांचे समाधिस्थळ आहे. दुष्काळात बादशाही धान्यकोठारे रयतेस खुली करणारे संत दामाजीपंत याच गावचे. त्यांच्या मंदिराचे दर्शनही त्याच फेरीत घेता येते.