सिकंदराबादच्या उकाड्यात लागला हिवतापाचा माग. डास दिनानिमित्त डॉ. रोनाल्ड रॉस

२० ऑगस्टला जगभर डास दिन पाळतात. ही तारीख आली कुठून, तर थेट हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादहून. १८९७ साली याच दिवशी बेगमपेठच्या दवाखान्यात सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळ ती इमारत आजही आहे. हैदराबादची आपली कितीतरी मंडळी त्या रस्त्याने येता-जाता असतात.

रॉस यांचा जन्म १८५७ सालचा, अल्मोड्याचा. वडील इंग्रजांच्या फौजेत मोठे अधिकारी. पोराचा ओढा कवितेकडे, चित्रांकडे. पण वडिलांच्या हट्टापायी लंडनला जाऊन डॉक्टर व्हावं लागलं. १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांचं मन गणितात आणि लिखाणातच जास्त रमलं.

त्या काळी हिवताप दलदलीच्या खराब हवेने होतो असा समज होता. १८८० मध्ये अल्जेरियात लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रोग्याच्या रक्तात परजीवी दिसला. हा परजीवी तांबड्या पेशीत कसा शिरतो ते बघण्यासारखं आहे. आधी पेशीला चिकटतो, मग आपलं निमुळतं टोक तिच्याकडे वळवतो, तिथे पक्की पकड बसवतो आणि आत घुसतो. पेशी त्याला ओढून घेत नाही, तोच जोर लावतो. सगळा खेळ मिनिटभराचा. आत बसून तो हिमोग्लोबिन खातो आणि त्यातून न पचलेली काळसर भुकटी मागे उरते. आत शिरण्याची ही तऱ्हा पुष्कळ उशिरा कळली. रॉस यांच्या वेळी हाताशी होती ती एवढी काळी भुकटीच. पण तिनेच चोर पकडून दिला.

१८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रक्तातला परजीवी दाखवला आणि डासाचा संशय डोक्यात घातला. मॅन्सन यांची अटकळ मात्र अर्धीच बरोबर होती. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणूस आजारी पडतो, असं त्यांना वाटे. रॉस यांनी लोकांना तसं पाणी पाजूनही पाहिलं. हाती काही लागलं नाही. मधेच कॉलऱ्याच्या कामासाठी बंगळुरूला जावं लागलं, नंतर निलगिरीत स्वतःलाच हिवतापाने गाठलं.

१८९७ च्या उन्हाळ्यानंतर ते सिकंदराबादला परतले. डासामागून डास फाडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीन् पेशी बघायची, असं काम. अंगाची लाही होत असताना पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने फाडलेला डासच उडून जायचा. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंगाला तडा गेला. आतापर्यंत बघितलेले डास भलत्याच जातीचे होते, हे नंतर ध्यानात आलं.

ऑगस्टच्या मध्यात ठिपकेदार पंखांचे तपकिरी डास मिळाले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला ते चाववले. दर डासामागे त्याला एक आणा. इतिहासात रॉस यांचं नाव मोठं झालं, पण ज्याच्या रक्तावर हे सगळं उभं राहिलं त्याचा भाव एक आणा, हेही लक्षात असू द्यावं. २० तारखेला शेवटच्या दोन डासांपैकी एक फाडला. जठराच्या भिंतीत काही गोल पेशी दिसल्या आणि त्यांत तीच ओळखीची काळी भुकटी! दुसऱ्या दिवशी उरलेला डास फाडला, तर त्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या. म्हणजे त्या जिवंत होत्या, वाढत होत्या.

आणि नेमकी तेव्हाच बदली! राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे हिवतापाचे रोगी मिळण्याचीच मारामार. सरकारी खाक्या, दुसरं काय. मॅन्सन यांनी खटपट केल्यावर १८९८ मध्ये कलकत्ता मिळालं. तिथे माणसांऐवजी पक्ष्यांचा मलेरिया धरून त्यांनी मोहम्मद बक्ष या मदतनिसासोबत उरलेली वाट शोधली. जठरातल्या त्या गोळ्या फुटतात, त्यांतून बारीक काड्यांसारखे जीव निघतात आणि डासाच्या लाळग्रंथीत जमतात. डास चावतो तेव्हा तेच लाळेबरोबर अंगात जातात. निरोगी चिमण्यांना असे डास चाववून त्यांनी ते सिद्धही केलं.

माणसाच्या मलेरियाचं संपूर्ण चक्र त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. श्रेयावरून भांडण पेटलं आणि रॉस यांनी ते शेवटपर्यंत सोडलं नाही. १९०२ चं नोबेल एकट्या रॉस यांना मिळालं. ग्रासींच्या वाट्यालाही काही यायला हवं होतं, असं आमचं मत.

१९३२ मध्ये रॉस गेले, तेव्हाही एक गाठ सुटायची होती. चावल्यानंतर ते काड्यांसारखे जीव थोड्याच वेळात रक्तातून गायब होतात, ते जातात कुठे? १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी उत्तर काढलं: यकृतात. तिथे वाढून, हजारोंनी फुटून ते तांबड्या पेशींवर चालून येतात. ऑक्सफर्डने बनवलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१ लस त्यांना याच टप्प्यावर, यकृतात शिरण्याआधी अडवते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली.