जॉर्ज स्टीफन्सन : कोळशाच्या खाणीतून रेल्वेपर्यंत

जॉर्ज स्टीफन्सन यांना आपण रेल्वेचे जनक म्हणून ओळखतो. परंतु त्यांनी हे ज्ञान कोळशाच्या खाणीत मिळवले, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचा जन्म ९ जून १७८१ रोजी इंग्लंडमधील वायलम गावी झाला. वडील खाणीच्या पंपाची भट्टी सांभाळीत. गरिबीमुळे जॉर्जला शाळा मिळाली नाही. बालवयातच तो खाणीवरचा घोडा हाकू लागला. घोडा गोल फिरे, तसा दोराने कोळसा वर येई. १८ व्या वर्षी दिवसभर काम करून त्याने रात्रीच्या शाळेत अक्षरे गिरवली.

१८११ मध्ये किलिंगवर्थ येथील खाणीचे पाणी उपसणारे इंजिन चालेना. ते स्टीफन्सन यांनी दुरुस्त केले आणि १८१२ मध्ये तेथील यंत्रांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. कोळसा खणण्याइतकेच तो बाहेर आणणेही अवघड असते. भुयारातील चढावर घोड्यांचे हाल होत. तेथे स्टीफन्सन यांनी वाफेच्या इंजिनाने दोर ओढून डबे वर आणले. १८१४ मध्ये त्यांचे 'ब्लूचर' इंजिन जमिनीवरील रुळांवर ३० टन भार ओढू लागले.

१८२२ मध्ये हेटन खाणीसाठी त्यांनी ८ मैलांचा मार्ग बांधला. सपाट जागी चालते इंजिन, चढावर एका जागी बसवलेले इंजिन व दोर, आणि उतारावर भरलेले डबे खाली येताना त्याच दोराने रिकामे डबे वर जात. घोड्यांची गरजच नव्हती. जेथे जी शक्ती योग्य, तेथे ती वापरायची, हेच त्यांच्या कामाचे सूत्र होते. पुढे १८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन आणि १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. १२ ऑगस्ट १८४८ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पत्नी १८०६ मध्येच वारली होती. मुलगा रॉबर्ट शिकावा म्हणून स्टीफन्सन यांनी रात्री लोकांची घड्याळे दुरुस्त केली, जोडे शिवले. रॉबर्ट शिकून घरी येई, तेव्हा वडील त्याच्यासोबत बसून तोच धडा शिकत. पुढे रॉबर्टही नामवंत अभियंता झाला. मुलाकडून शिकण्यात त्या पित्याला कमीपणा वाटला नाही. आपल्या घरीही रोज संध्याकाळी असा अभ्यास व्हावा, हीच अपेक्षा.